पोढी, टँकर आणि पंचवीस वर्षांचा करार

जुन्नर परिसरात पाण्याविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदी दानाच्या आहेत. इथल्या लेण्यांत खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्याचा लेख जुन्नरला आहे. मानमोडीच्या डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दिल्याची नोंद आहे, आणि त्या लेखात ‘वर्ष ४६’ असा काळ दिला आहे. नाणेघाटातून कोकण आणि देश यांच्यात व्यापार चाले, त्या घाटाच्या माथ्यावर जकातीसाठी वापरला जाई असे ज्याच्याविषयी मानतात तो दगडी रांजण आजही उभा आहे. मालावर जकात होती आणि पाणी मात्र धर्मकार्य होते. टाके खोदायला पैसा लागे, तो दाता एकदाच देई, आणि पिणाऱ्याकडून त्याची परतफेड कोणी मागत नसे.

पुढच्या काळात दात्याची जागा राज्यकर्त्याने घेतली. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. त्याच निजामशाहीच्या शेवटच्या पर्वात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले आणि जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिले. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. या व्यवस्थांत खाजगी धंदा नव्हताच असे नाही. विहिरीवरून किंवा हौदावरून घरी पाणी पोचवणारे पखाली आणि भिस्ती पैसे घेत. मात्र ते पैसे वाहतुकीचे असत. पाणी कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न हौदापाशी उठत नसे.

नळ आला तेव्हा हिशेब बदलला. मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले, पुढे तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. धरण, लांबलचक जलवाहिनी, साठवण टाकी, घरोघरची जोडणी असा अवाढव्य खर्च एका दात्याला झेपणारा नव्हता. तो कर्ज काढून करायचा आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा वसूल करायचा, अशी पद्धत पडली. त्या वसुलीचे नाव पाणीपट्टी. लंडनमध्ये त्या काळी खाजगी कंपन्या पाणी विकत होत्या. मुंबईने ते काम सरकार आणि नगरपालिकेकडे ठेवले, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांनी पुढे तोच कित्ता गिरवला. पाणी तोट्यात गेले तरी चालेल, कर वाढवला तर निवडणूक जाईल, ही नगरपालिकांची सवयही याच व्यवस्थेतून आली. ती पुढे फार महागात पडली.

जमिनीखालच्या पाण्याचा कायदा मात्र वेगळ्याच दिशेने गेला. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीत, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूजल उपसण्याचा हक्क मान्य केला. ज्याची जमीन त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. विजेचे पंप आणि १९७२ च्या दुष्काळानंतर झपाट्याने पसरलेल्या बोअरवेल यांमुळे त्या हक्काला बळ मिळाले. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या बोअरने ओढले तरी कायद्याच्या नजरेत तो गुन्हा नव्हता. पिण्याच्या पाण्यासाठी राज्याने १९९३ मध्ये कायदा करून सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली, २००९ मध्ये आणखी व्यापक भूजल कायदा केला. गावात या कायद्यांची आठवण सहसा उन्हाळ्यात होते, आणि तोवर बोअर पडून गेलेले असते.

खाजगी पाणी आणि सार्वजनिक गरज यांची गाठ कशी पडते, हे पाहायला जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारासारखी दुसरी जागा शोधावी लागणार नाही. कल्याण–नगर महामार्ग आळेफाटा सोडून पूर्वेला निघाला की गुळुंचवाडीजवळ आणे घाट लागतो. तिथे ओढ्याने काळा पाषाण पोखरून नैसर्गिक पूल तयार केला आहे, आणि पावसाचे पाणी या उतारावरून किती वेगाने खाली निघून जाते हे त्या कमानीकडे पाहून कळते. घाट चढला की पठार. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी ही तिथली गावे. पलीकडे पारनेरची हद्द. तालुक्याच्या पश्चिमेला माळशेज आणि नाणेघाटात पाऊस कोसळतो, पण पूर्वेकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. जुन्नरला धरणांचा तालुका म्हणतात. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि चिल्हेवाडी ही धरणे त्याच्या हद्दीत आहेत, शेजारच्या आंबेगावात डिंभे आहे. कुकडी प्रकल्पाचे कालवे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातात. पठार मात्र कालव्याच्या पातळीहून उंच. पाणी उताराने खाली जाते, पठारावर चढत नाही, आणि ते उचलून द्यावे ही पठाराची मागणी जुनी आहे.

बेसाल्टचा खडक पाणी फार साठवत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे मुरते तेवढेच विहिरीला मिळते. रब्बी संपत आली की विहिरी तळ गाठतात. मग ग्रामपंचायत ठराव करते, प्रस्ताव पंचायत समितीकडे जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार पाहणी करतात आणि टँकर मंजूर होतो. सरकारी कागदांत या साऱ्याचा टंचाई कृती आराखडा असतो आणि त्याचे तीन भाग पडतात: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. गावच्या भाषेत मात्र एकच वाक्य असते: ‘टँकर लागला.’

टँकर बहुतेकदा खाजगी मालकाचा असतो. जिल्हा प्रशासन निविदा काढते, ठेकेदार गाड्या पुरवतो, भाडे टाकीची क्षमता आणि धावलेले अंतर यांवर निघते. गाडीला जीपीएस असावा लागतो, प्रत्येक खेप लॉगबुकात चढते आणि तिच्यावर गावाकडून सही होते. माणशी दिवसाला २० लिटर हे टंचाईतले माप. टँकर भरायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. जवळपास पाणी असलेली एखादी शेतकऱ्याची विहीर प्रशासन अधिग्रहित करते आणि तिच्या मालकाला मोबदला देते. म्हणजे पाणी खाजगी विहिरीतले, वाहतूक खाजगी गाडीची, पैसा सरकारी तिजोरीतला, आणि पिणारा गावकरी फुकट पाणी घेणारा लाभार्थी. या साखळीत गावकऱ्याला ग्राहकाचा एकही हक्क नसतो. खेप चुकली तर बिल थांबवता येत नाही, कारण बिल त्याच्या नावाने नाहीच.

टँकर गावात येतो तेव्हा तो बहुधा सार्वजनिक विहिरीत किंवा साठवण टाकीत रिकामा केला जातो. पाईपचे तोंड उघडले की विहिरीभोवती बाया पोहरे सोडतात, दोर एकमेकांत अडकतात, हंडे-कळशांच्या रांगेत आधी कोण यावरून बोलाचाली होतात. वाड्या-वस्त्यांवर टाकी नसेल तर घरासमोरचे प्लास्टिकचे बॅरल भरले जातात, आणि वस्ती रस्त्यापासून आत असेल तर डोक्यावरून पाणी वाहणे चुकत नाही. जनावरांचे पाणी वेगळे शोधावे लागते. ज्यांना परवडते ते शेजारच्या बागायती गावातून स्वतःच्या पैशाने टँकर आणतात किंवा पिण्यापुरते आरओचे जार घेतात. शेततळे असलेला शेतकरी डाळिंब जगवू शकतो आणि त्याच गावातली शेतमजूर बाई खेपेची वाट पाहते. खाजगीकरण हा शब्द या भागात कोणी उच्चारत नाही. पाणी खाजगी हातांतून यायला मात्र इथे कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागली नाही, कारण सरकारी नळ जिथे थांबला तिथून पुढचे अंतर धंद्याने भरून काढले.

शहरांत हेच घडले ते धोरण ठरवून. १९९० नंतर महापालिकांकडे पैसा नव्हता, जलवाहिन्या गळत होत्या, निम्म्याच्या आसपास पाण्याचा हिशेब लागत नव्हता. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने खाजगी सहभागाला उत्तेजन दिले, राज्याच्या २००३ च्या जलनीतीने तीच वाट धरली. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. हे प्राधिकरण धरणातल्या ठोक पाण्याचे दर ठरवते. नळाच्या पाण्याचा घरगुती दर त्याच्या कक्षेत येत नाही, तो महापालिका ठरवते. पुढे जे झाले ते समजून घ्यायला हा तपशील महत्त्वाचा आहे. खाजगी कंपनी आणि नळधारक यांच्यामध्ये तज्ज्ञ नियामक नव्हता, होता तो फक्त करार, आणि तो वाचणारे नगरसेवक.

मुंबईत अंधेरी-जोगेश्वरी-विलेपार्ले पूर्वेच्या के-पूर्व विभागात २००६ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने सल्लागार नेमून अभ्यास झाला. नागरिक संघटनांनी आकडेवारीला आव्हान दिले आणि प्रकरण पुढे सरकले नाही. लातूरमध्ये २००८ मध्ये शहराचा पाणीपुरवठा दहा वर्षांसाठी खाजगी कंपनीकडे गेला. मीटर बसवायला आलेल्या माणसांना लोकांनी विरोध केला, आठवड्यातून मोजके दिवस येणाऱ्या पाण्याला मीटर कशासाठी हा त्यांचा प्रश्न होता, आणि काही वर्षांतच ही व्यवस्था गुंडाळावी लागली. लातूरची खरी अडचण मीटरच्या अलीकडे होती. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. आटलेल्या धरणाला कोणत्याही व्यवस्थापनाचा उपाय नसतो.

औरंगाबादची कथा याहून लांबली. जायकवाडीहून येणाऱ्या जुन्या जलवाहिन्या वाढत्या शहराला पुरेनात, म्हणून त्यांच्या जोडीने नवी मोठी वाहिनी टाकायची, या कल्पनेला सगळे शहर ‘समांतर’ म्हणू लागले. २०११ मध्ये खाजगी कंपनीशी वीस वर्षांचा करार झाला. वाहिनीही तिनेच टाकायची, शहरातली वितरण व्यवस्थाही तिनेच सुधारायची आणि पाणीपट्टीही तिनेच गोळा करायची. १ सप्टेंबर २०१४ पासून कंपनीने पुरवठा हातात घेतला. पाणीपट्टीत दरवर्षी १० टक्के वाढ ठरलेली होती. मुख्य वाहिनीचे काम रेंगाळले, वसुली मात्र चालू राहिली, तक्रारी वाढल्या आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द करून पुरवठा परत घेतला. वाद न्यायालयात गेला.

करार गेला तरी वार्षिक दरवाढ राहिली. अर्धा इंची घरगुती नळाची पट्टी चढत चढत वर्षाला ४,०५० रुपयांवर पोचली, आणि शहराला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येत असताना लोक ती भरत होते. २०२२ मध्ये ती निम्मी करून २,०२५ रुपये केली गेली. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या सरकारी योजनेचे भूमिपूजन झाले, ज्याचा खर्च पुढे २,७०० कोटींच्या वर गेला. मलिक अंबरने नहर दिलेल्या शहरावर ही वेळ यावी, हे मनाला लागते. इतकी वर्षे वाया गेली ती खाजगी कंपनीमुळे की महापालिकेमुळे, यावर तिथे आजही भांडण होते. नळधारकाच्या बाजूने पाहिले तर फरक एवढाच की तोडलेल्या कराराचा दर त्याच्या माथी राहिला आणि त्या करारातली वाहिनी त्याला मिळाली नाही.

नागपूर हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे आणि टिकून राहिलेले उदाहरण. २००७ मध्ये धरमपेठ झोनच्या एका भागात चोवीस तास पाण्याचा प्रयोग फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे देण्यात आला. ही कंपनी मूळची १८५३ मधली, फ्रान्समधल्या शहरांना पाणी पुरवण्यासाठी स्थापन झालेली. प्रयोगाच्या आधारावर सगळ्या शहरासाठी निविदा निघाली आणि व्हिओलिया व विश्वराज इन्फ्रास्ट्रक्चर यांच्या भागीदारीतील ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीला पंचवीस वर्षांचे काम मिळाले. १ मार्च २०१२ पासून तिने काम सुरू केले. सुधारणांचा अंदाजित खर्च सुमारे ३८८ कोटी होता. त्यातला ७० टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारांनी नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून उचलायचा, उरलेले ३० टक्के कंपनीने घालायचे. शुद्धीकरण केंद्रे, जलवाहिन्या यांची मालकी महापालिकेकडेच राहिली.

या कराराची चावी मोबदल्याच्या पद्धतीत आहे. ज्या पाण्याचे बिल झाले आणि पैसे वसूल झाले, त्या पाण्यावर कंपनीला हजार लिटरमागे सुरुवातीला ७ रुपये ९० पैसे मिळणार होते. ग्राहकाचा दर महापालिकेच्या उपविधीप्रमाणे, आणि त्यात दरवर्षी ५ टक्के वाढ. म्हणजे कंपनीचा फायदा गळती थांबवण्यात, चोरीचे नळ शोधण्यात आणि मीटर चालू ठेवण्यात होता. त्याचा परिणाम गल्लीत दिसला. रस्ते खोदले गेले, गंजलेल्या लोखंडी जोडण्या जाऊन प्लास्टिकच्या नव्या जोडण्या आल्या, झोपडपट्टीत सार्वजनिक नळाऐवजी घरोघरी नळ देण्याचे काम झाले. टिल्लू पंप लावून लाइनमधून पाणी ओढण्याची सवय असलेल्या घरांना नव्या मीटरचे बिल पाहून धक्का बसला. जुना मीटर बंद होता तेव्हा बिल अंदाजाने येई, आता वापर मोजला जाऊ लागला. त्यातली काही बिले खरी होती आणि काहींवर न संपणारे वाद झाले. पहिल्या पाच वर्षांत सगळे शहर चोवीस तासांच्या पुरवठ्यावर येणार होते, ते झाले नाही.

जुलै २०१९ मध्ये नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा संपला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पेंच नदीवर वरच्या बाजूला, मध्य प्रदेशात, चौराई धरण झाल्यावर खाली येणारे पाणी कमी झाले होते. नदीत पाणी आणणे कंपनीच्या करारात नव्हते आणि असूही शकत नव्हते. ती जबाबदारी महापालिकेची आणि राज्याची राहिली. खाजगी कंपनी नळ चालवू शकते, गळती कमी करू शकते. दुष्काळाची जोखीम मात्र कोणीच विकत घेत नाही, आणि ती विकता येते असा समज ज्या ज्या करारामागे होता तो करार पुढे अडचणीत आला.

नागपूर आणि औरंगाबादमध्ये कंपनीला काम दिले होते, मालकी नव्हे. इंग्लंडमध्ये मालकीच विकली गेली, आणि खाजगी गुंतवणूक निधी म्हणजे प्रायव्हेट इक्विटीची मालकी पाण्यात काय करते ते तिथे दिसले. १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली दहा जलप्राधिकरणे शेअर बाजारात विकली. विकण्याआधी त्यांचे सुमारे ५ अब्ज पौंडांचे कर्ज सरकारने माफ केले. म्हणजे नव्या मालकांच्या हाती धरणे, नळ, मैलापाण्याची केंद्रे आणि बांधील ग्राहक एवढे सगळे जवळपास कर्जाशिवाय आले. जर्मनीच्या आरडब्ल्यूई कंपनीने थेम्स वॉटर घेतली आणि २००६ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बँकेच्या निधीने बांधलेल्या गटाला विकली. लंडन, स्लाउ, रीडिंग या पट्ट्यातली मराठी घरे याच कंपनीचे पाणी पितात. एका भागात एकच पाणी कंपनी असल्याने घरगुती ग्राहकाला ती बदलता येत नाही.

प्रायव्हेट इक्विटीची रीत साधी आहे. निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या, श्रीमंत गुंतवणूकदार यांचा पैसा एका निधीत गोळा करायचा. कंपनी विकत घेताना त्यातला थोडा पैसा घालायचा आणि उरलेला कर्जाने उभा करायचा. हे कर्ज पुढे त्या कंपनीच्याच किंवा तिच्या वरच्या कंपनीच्या पुस्तकात जाते. ठरावीक वर्षे लाभांश काढायचा आणि नंतर कंपनी पुढच्या मालकाला विकायची. कारखाना विकत घेतला तर बाजार पडण्याची भीती असते. पाण्याला ती नाही. लोक आंघोळ करायचे थांबत नाहीत आणि बिल येतच राहते. म्हणूनच पाणी कंपन्यांवर अशा निधींचा डोळा असतो. गळकी वाहिनी जमिनीखाली असते, ती बदलणे पाच वर्षे पुढे ढकलले तर लगेच कोणाला दिसत नाही, आणि तोवर मालक बदललेला असतो.

मॅक्वारीच्या काळात थेम्सचे कर्ज काही अब्ज पौंडांवरून १० अब्जांच्या वर गेले. त्या वर्षांत नळ आणि गटारांवर गुंतवणूक झालीच नाही असे नाही, मॅक्वारीने ११ अब्ज पौंडांहून जास्त खर्च केल्याचे सांगितले आहे. पण नफ्याबरोबर व्याजाचा डोंगरही वाढत गेला आणि व्याज शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच द्यायचे असते. २०१३-१४ मध्ये थेम्स नदीत आणि तिच्या उपनद्यांत मैलापाणी सोडल्याबद्दल कंपनीला मार्च २०१७ मध्ये सुमारे २ कोटी पौंडांचा दंड झाला. त्याच महिन्यात मॅक्वारीने आपला शेवटचा हिस्सा विकला. नव्या मालकांत कॅनडातला महापालिका कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा निवृत्तिवेतन निधी होते. २०२४ मध्ये त्यांनी आणखी पैसा घालायला नकार दिला. मे २०२५ मध्ये नियामकाने १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड ठोठावला, जूनमध्ये केकेआर या अमेरिकी खाजगी गुंतवणूक कंपनीने विकत घेण्याच्या बोलणीतून अंग काढले. ग्राहकांची बिले त्याच वर्षी मोठ्या प्रमाणात वाढली. इंग्लंडमध्ये ऑफवॅट नावाचा स्वतंत्र नियामक पहिल्यापासून होता. कर्जाची वाढ त्याच्या डोळ्यांदेखत झाली. जुलै २०२५ मध्ये सरकारने तो नियामकच बरखास्त करण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्राला इथून शिकण्यासारखे एक कलम आहे. पंचवीस वर्षांच्या करारात काम करणारी कंपनी तीच राहते, पण तिच्यातले भागीदार आणि शेअर बदलू शकतात. ते कोणाच्या हाती गेले, त्यासाठी कंपनीवर किती कर्ज चढले, हे महापालिकेला आधी कळावे आणि तिची संमती लागावी, अशी अट करारात नसेल तर नळधारकाला आपला मालक वर्तमानपत्रातूनच कळेल. खाजगी मालकीला पर्यायही आहेत. फ्रान्सची राजधानी पॅरिसने २०१० मध्ये कंपन्यांचे करार संपताच पाणीपुरवठा स्वतःकडे परत घेतला. वेल्समध्ये २००१ पासून भागधारक नसलेली कंपनी पाणी पुरवते आणि शिल्लक राहिलेला पैसा वाहिन्यांत घालते.

पैसा उभा करायला मालकी विकावी लागते असेही नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी, प्रत्येक घराला मीटर आणि वापर वाढेल तसा चढणारा दर अशी व्यवस्था स्वतः चालवून दाखवली. तिथे मीटरला विरोध टिकला नाही, कारण मीटरबरोबर पाणीही आले. लातूर आणि मलकापूर यांच्यातला फरक या एका गोष्टीत बराचसा सापडतो. पुणे महापालिकेने चोवीस तास पाणी योजनेसाठी जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे मुंबई शेअर बाजारात विकले, ७.५९ टक्के व्याजाने. गुंतवणूकदाराला इथे ठरावीक व्याज मिळते, नळांवर हक्क मिळत नाही. त्या कर्जासाठी पुणेकरांच्या पाणीपट्टीत दरवर्षीची वाढ मात्र ठरली. नळ पोचण्याआधी वाढीव बिल पोचते, ही तक्रार सार्वजनिक योजनेतही खरी ठरली.

खेड्यांत या काळात वेगळी योजना आली. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी असे लक्ष्य ठरवले. बांधकामाचा पैसा केंद्र आणि राज्याचा. योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाते, आणि गावची पाणीपुरवठा समिती ती चालवते. पंपाचे वीजबिल, टीसीएल पावडर, फुटलेल्या पाइपची दुरुस्ती, वॉलमनचे मानधन हा सगळा खर्च पाणीपट्टीतून काढायचा असतो. सखल गावाला हे जमू शकते. पठारावरच्या गावाला पाण्याचा उद्भव खाली आणि गाव वर असल्याने विजेचा खर्च मोठा, घरे विखुरलेली म्हणून पाइप लांब, आणि पावसावर बाजरी-कांदा घेणाऱ्या घरांची पट्टी भरण्याची ताकद कमी. बिल थकले की महावितरण जोडणी तोडते आणि पंप बंद पडतो. त्यानंतर ग्रामपंचायतीला टँकरचा प्रस्ताव करावा लागतो, आणि नळावर जो खर्च परवडत नव्हता त्याहून महाग पाणी जिल्ह्याच्या टंचाई निधीतून, ठेकेदाराच्या गाडीतून, त्याच गावात येते. या दोन खर्चांचे हिशेब वेगवेगळ्या खात्यांत असल्यामुळे ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले जात नाहीत. पठारावर पाणी उचलून देण्याची योजना जेव्हा केव्हा होईल, तेव्हा तिच्या विजेचा वाटा कोणी उचलायचा हे बांधकामाच्या मंजुरीबरोबरच लिहून ठेवावे लागेल.